पिसवा परत येतात, म्हणून औषध खोटं?

"पिसवांची औषधं कुचकामी आणि वर विषारी, त्यापेक्षा गोठ्यातलं गोचिडाचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला फासावं, नाहीतर रॉकेलचा बोळा फिरवावा." वरठी-मोहाडीकडे कुत्रं पाळणाऱ्या अनेक घरांत हे मत पक्कं आहे. पुरावा म्हणून सांगतात तो असा की, औषध लावलं तरी पंधरवड्यात पिसवा पुन्हा दिसल्या.

दिसल्या हे खरंच. पण त्या जुन्या नव्हेत. कुत्र्याच्या अंगावर असतात त्या एकूण पिसवांपैकी जेमतेम ५ टक्के. बाकीच्या अंडी, अळी आणि कोष या रूपांत घरातच असतात. मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. ती केसांना चिकटून राहत नाहीत, गोणपाटावर, पडवीच्या भेगांत, धानाच्या तणसात गळतात. कोषातली पिसू महिनोन्महिने दबा धरून बसते. फवारणीही तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. कुत्र्याची ऊब आणि हालचाल जाणवली की ती बाहेर पडते. म्हणून एका मात्रेवरून औषधाला नापास करणं अन्यायाचं आहे. शिवाय मानेवर टाकायचं फिप्रोनिल त्वचेच्या तेलातून अंगभर पसरतं. त्याच दिवशी साबणानं अंघोळ घातली, तर दोष औषधाचा कसा?

विषारीपणाचा आक्षेप मात्र उडवून लावता येत नाही. अफोक्सोलानेर, फ्लुरालानेर या गटातल्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, झटके असा त्रास होतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. पण त्याच इशाऱ्यात बहुसंख्य कुत्र्यांना त्या सुरक्षित असल्याचंही म्हटलं होतं, आणि त्या बाजारातून काढल्या नाहीत. आधी झटके आलेल्या कुत्र्याबाबत डॉक्टरांना सांगायलाच हवं, एवढा त्याचा अर्थ.

आणि पर्याय कोणता सुचवला जातो? गोठ्यातलं अमित्राझ गोचीड मारतं, पिसवांवर त्याचा फारसा उपयोग नाही. अंदाजानं कालवलेलं अंगावर गेलं तर कुत्रं सुस्त पडतं, हृदयाचे ठोके मंदावतात. रॉकेल कातडी भाजतं, चाटताना फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन तर घरातल्या मांजराला मारक ठरतं.

तेव्हा कुत्र्याचं वजन करून औषध घ्या, घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना आपापलं औषध एकाच वेळी द्या, किमान तीन महिने खंड पडू देऊ नका, आणि अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका.