विवाहापूर्वींचे करार

सोयरीक ठरतांना मानपानाचीं बोलणीं तासन्‌तास चालतात. परंतु नवरा निवर्तल्यास सुनेस काय मिळावें, हा प्रश्न कोणी काढल्यास आमची मंडळी अपशकुन मानितात. कायद्यानें मात्र तो कधींच अशुभ मानला नाहीं.

कोल्हापुरांत आम्हां ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास, मुलें असतां, विधवेस त्याअन्वयें तिसरा हिस्सा मिळतो. परंतु ३२ व्या कलमाखालीं एक लहानसें स्पष्टीकरण होतें: लग्नापूर्वीं कायदेशीर करार करून जिनें हा हिस्सा सोडला असेल, तिला तो मिळूं नये. म्हणजे लग्नापूर्वींच्या करारास या कलमांत जी एक जागा होती, ती विधवेस वगळण्यासाठीं! तें स्पष्टीकरण २००२ सालीं काढून टाकण्यांत आलें; सत्याहत्तर वर्षें तें तेथें होतें.

आंबोलीचा घाट उतरून गोव्यांत गेलें कीं सारा हिशेब बदलतो. तेथें १८७० पासून १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता चालत आली, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही हा विवाहविषयक भाग कायम राहिला. वधूवरांस मालमत्ता वेगळी ठेवावयाची असेल, केवळ लग्नानंतरची मिळकत सामाईक करावयाची असेल, किंवा हुंड्याची पद्धति पत्करावयाची असेल, तर विवाहापूर्वीं नोटरीसमोर दस्त करावा लागतो. लग्न लागल्यावर तो मोडतां किंवा फिरवितां येत नाहीं. उभयतां गप्प राहिलीं तर सर्व मालमत्ता दोघांची सामाईक होते. मौन हाच तेथें करार. आमच्याकडे मात्र उलट आहे: १९२५ च्या कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणें केवळ लग्नानें एकास दुसऱ्याच्या मालमत्तेंत हक्क उत्पन्न होत नाहीं.

पोटगीविषयीं तर करार करून सुटतां येईल असें कोणी समजूं नये. १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या ४० व्या कलमानें विवाह रद्द ठरल्यास किंवा मोडल्यास न्यायालयास विवाहापूर्वींचे करारही तपासून त्यांतील मालमत्तेची विल्हेवाट लावितां येते. मात्र मुलांच्या नुकसानीनें आईबापांचा फायदा करतां येत नाहीं. हें कलम आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें.

आपल्यांतील कित्येकांच्या सोयरिकी गोव्यांत आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवितों. १३ सप्टेंबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मुंबईतील एका मालमत्तेच्या खटल्यांत असें ठरविलें कीं, गोव्याच्या अधिवासी मनुष्याची मालमत्ता भारतांत कोठेंही असो, तिचा वारसा गोव्याच्याच कायद्यानें ठरावा. तेव्हां अशा जांवयानें रंकाळ्याकांठीं घेतलेलें घरही त्यांत आलें.