परदेशस्थ बालकांचा कॅनडातील कायम रहिवासी दर्जा

परदेशस्थ बालकांचा कॅनडातील कायम रहिवासी दर्जा म्हणजे कॅनडाचे नागरिक नसलेल्या, परंतु त्या देशात कायम राहण्याचा हक्क मिळालेल्या अल्पवयीन मुलांचा कायदेशीर दर्जा. ही मुले प्रत्यक्षात कॅनडाबाहेर राहत असताना तो टिकवण्याचे नियम हा या विषयाचा मुख्य भाग होय. नोकरी, वृद्ध आईवडिलांची देखभाल, पालकांमधील विभक्तता किंवा मुलाचे शिक्षण अशा कारणांनी नागपूर, पुणे, मुंबई येथे परतलेल्या कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा राहतो. हा दर्जा प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र असतो. आईवडिलांनी निवासाची अट पूर्ण केली म्हणून मुलाची अट आपोआप पूर्ण होत नाही. त्यामुळे कुठे राहायचे हा निर्णय पालकांचा असला, तरी त्याचा परिणाम मुलाच्या दर्जावर होतो.

पार्श्वभूमी

कॅनडाच्या १९७६ च्या स्थलांतर कायद्यात कायम रहिवाशाच्या हेतूला महत्त्व होते. कॅनडातील वास्तव्य कायमचे सोडण्याच्या हेतूने देश सोडल्यास दर्जा संपुष्टात येई. १२ महिन्यांच्या कालावधीत १८३ दिवसांपेक्षा अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास असा हेतू गृहीत धरला जाई आणि तो नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी रहिवाशावर असे. २८ जून २००२ रोजी अमलात आलेल्या स्थलांतर व निर्वासित संरक्षण कायद्याने ही पद्धत बदलली. हेतूऐवजी दिवसांची गणना हा निकष झाला. त्याच सुमारास रहिवाशांना प्लास्टिकचे ओळखपत्र (पीआर कार्ड) देण्यास प्रारंभ झाला. ३१ डिसेंबर २००३ पासून विमान, रेल्वे, बस अशा व्यावसायिक वाहनाने कॅनडात परतणाऱ्या कायम रहिवाशांना ते बाळगणे आवश्यक झाले.

निवासाची अट

कायद्याच्या कलम २८ नुसार कायम रहिवाशाने प्रत्येक पाच वर्षांच्या कालावधीत किमान ७३० दिवस अट पूर्ण करणे आवश्यक असते. हे दिवस सलग असण्याची गरज नाही. कॅनडात दिवसाचा काही भाग घालवला, तरी तो पूर्ण दिवस धरला जातो. दर्जा मिळून पाच वर्षे झाली नसल्यास, पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत ७३० दिवस भरणे शक्य आहे की नाही हे पाहिले जाते. पाच वर्षांनंतर तपासणीच्या दिवसापासून मागील पाच वर्षे मोजली जातात. त्यापूर्वीचे वास्तव्य गणनेत येत नाही.

उदाहरणार्थ, १ जुलै २०२० रोजी कायम रहिवासी म्हणून कॅनडात उतरलेले मूल ४०० दिवस तेथे राहून नागपूरला आले, तर ३० जून २०२५ पर्यंत त्याला आणखी ३३० दिवसांची आवश्यकता राहते. त्यासाठी त्याने ५ ऑगस्ट २०२४ पर्यंत कॅनडात परतून तेथे सलग राहणे भाग पडते. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे कॅनडाला जाऊन येण्याने ही तूट भरून निघत नाही.

परदेशातील वास्तव्य गणनेत धरण्याचे प्रसंग

मुलाच्या बाबतीत कॅनडाबाहेरील दिवस मुख्यतः पुढील दोन परिस्थितींत ग्राह्य धरले जातात.

१. मूल कॅनडाचे नागरिक असलेल्या आई किंवा वडिलांसोबत परदेशात राहत असल्यास.
२. मूल कायम रहिवासी असलेल्या आई किंवा वडिलांसोबत राहत असून ते पालक कॅनडातील व्यवसायसंस्थेच्या अथवा केंद्रीय किंवा प्रांतिक शासनाच्या पूर्णवेळ सेवेत परदेशी नियुक्तीवर असल्यास.

या तरतुदींसाठी मूल अविवाहित आणि २२ वर्षांखालील असावे लागते. ‘सोबत’ या शब्दाचा अर्थ नियमांनुसार त्या पालकाबरोबर नेहमीचे वास्तव्य असा आहे. कॅनडाची नागरिक असलेली आई आणि मूल नागपुरात एकत्र राहत असतील, तर मुलाचे दिवस मोजले जातात. मात्र आई टोरांटोत आणि मूल नागपुरात आजी-आजोबांकडे राहत असेल, तर आई नागरिक असूनही ते दिवस मोजले जात नाहीत.

दुसऱ्या परिस्थितीत पालकाची नियुक्ती कॅनडातील संस्थेने केलेली आणि ती संपल्यावर त्याच संस्थेत कॅनडातील कामावर परतण्याची असावी लागते. नागपूरमधील मिहान प्रकल्पातील एखाद्या भारतीय कंपनीत स्थानिक नोकरी स्वीकारल्यास हा लाभ मिळत नाही. केवळ दर्जा टिकवण्याच्या सोयीसाठी कॅनडात काढलेली कंपनीही नियमांनुसार ग्राह्य नसते.

दर्जा आणि ओळखपत्र यांतील फरक

पीआर कार्डाची मुदत सामान्यतः पाच वर्षांची असते. मुदत संपली म्हणून दर्जा संपत नाही. तसेच कार्डाची मुदत शिल्लक आहे म्हणून निवासाची अट पूर्ण झाली, असेही होत नाही. कायद्याच्या कलम ४६ नुसार दर्जा पुढील कारणांनी संपतो : व्यक्ती कॅनडाची नागरिक होणे, अट पूर्ण न झाल्याचा परदेशात दिलेला निर्णय अंतिम होणे, देशाबाहेर काढण्याचा आदेश अमलात येणे, दर्जा रद्द ठरवणारे इतर निर्णय आणि स्वेच्छेने केलेला त्याग मंजूर होणे. असा निर्णय होईपर्यंत अट मोडलेले मूलही कायद्याने कायम रहिवासीच राहते. कॅनडातील घर, बँकेतील ठेव किंवा पालकांनी भरलेला प्राप्तिकर यांमुळे निवासाचे दिवस वाढत नाहीत.

बालकाचे हित

अट पूर्ण झाली नसली, तरी मानवतावादी कारणांवरून दर्जा कायम ठेवण्याचा अधिकार कलम २८ ने अधिकाऱ्यांना दिला आहे. हा विचार करताना निर्णयाचा थेट परिणाम होणाऱ्या बालकाचे हित लक्षात घेण्याचे बंधन कायद्यातच नमूद आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मधील बेकर खटल्यात आणि २०१५ मधील कांतसामी खटल्यात मानवतावादी निर्णयांतील बालहिताचे महत्त्व स्पष्ट केले. परदेशी जाण्याचा निर्णय मुलाचा नव्हता, ही बाब अशा प्रकरणांत महत्त्वाची ठरते. तथापि ती सिद्ध झाली म्हणून दर्जा आपोआप वाचत नाही. कॅनडातील नातेवाईक, तेथील पूर्वीचे शिक्षण, परत जाण्यासाठी केलेले प्रयत्न, विलंबाची कारणे आणि दर्जा गेल्यास होणारी हानी यांचा एकत्रित विचार होतो.

नागपूरमधून होणारी प्रक्रिया

वैध पीआर कार्ड नसल्यास परदेशातून कायम रहिवासी प्रवासपत्रासाठी अर्ज करावा लागतो. पीआर कार्ड परदेशी पत्त्यावर पाठवले जात नाही. प्रवासपत्राचा अर्ज आला की निवासाच्या अटीची तपासणी होते. त्यामुळे दर्जाविषयीचा प्रश्न बहुधा याच टप्प्यावर पुढे येतो. महाराष्ट्रात कॅनडाची व्हिसा अर्ज केंद्रे मुंबई आणि पुणे येथे असून नागपूरकरांना हैदराबादचे केंद्रही तुलनेने जवळ पडते.

मुलाचा भारतीय पासपोर्ट विदर्भातील अर्जदारांना नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. अल्पवयीनांचा पासपोर्ट सामान्यतः पाच वर्षे किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत वैध असतो. त्यामुळे पाच वर्षांच्या प्रवासाच्या नोंदी अनेकदा दोन पासपोर्टांत विभागल्या जातात आणि जुना पासपोर्ट हा महत्त्वाचा पुरावा ठरतो. त्याबरोबर शाळेचे दाखले, लसीकरणाच्या नोंदी, विमान तिकिटे आणि पालकाच्या नागरिकत्वाचे व सहवासाचे पुरावे उपयोगी पडतात. मूल एकाच पालकाबरोबर प्रवास करत असल्यास दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र जवळ ठेवण्याची शिफारस कॅनडा शासन करते.

अपील

परदेशात दिलेल्या प्रतिकूल निर्णयाविरुद्ध लेखी कारणे मिळाल्यापासून ६० दिवसांत स्थलांतर अपील विभागाकडे दाद मागता येते. अपील प्रलंबित असेपर्यंत दर्जा कायम राहतो. मागील ३६५ दिवसांत किमान एकदा कॅनडात उपस्थित असलेल्या अपीलकर्त्याला त्या काळात प्रवासपत्र मिळू शकते. १८ वर्षांखालील अपीलकर्त्यासाठी प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे. मुदतीत अपील न केल्यास निर्णय अंतिम होतो.

पालकांमधील वाद

आईवडील विभक्त झाल्यावर एका पालकाने मुलाला भारतात आणल्यास प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा कॅनडा सदस्य आहे, भारत नाही. त्यामुळे या कराराद्वारे मुलाला परत पाठवण्याची मागणी भारतात करता येत नाही. नागपुरात असे वाद कौटुंबिक न्यायालयात किंवा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येऊ शकतात आणि भारतीय न्यायालये मुलाचे कल्याण हा सर्वोच्च निकष मानतात. ताब्याचा खटला चालू असल्याने निवासाच्या दिवसांची गणना थांबत नाही. मात्र न्यायालयीन आदेशामुळे मूल परत जाऊ शकले नाही, ही बाब मानवतावादी कारण म्हणून मांडता येते.

दर्जाचा त्याग आणि पुनर्प्राप्ती

अल्पवयीन मुलाच्या वतीने दर्जाचा स्वेच्छेने त्याग करण्यासाठी त्याच्या सर्व कायदेशीर पालकांच्या स्वाक्षऱ्या आवश्यक असतात. दर्जा गेल्यास कॅनडाचे नागरिक किंवा तेथे राहणारे कायम रहिवासी पालक २२ वर्षांखालील अविवाहित अपत्याला नव्याने पुरस्कृत करू शकतात. ही स्वतंत्र प्रक्रिया असून जुना दर्जा तिने पुनरुज्जीवित होत नाही. वयोमर्यादा ओलांडल्यावर हा मार्ग सामान्यतः बंद होतो. मग कॅनडात शिकू इच्छिणाऱ्या तरुणाला परदेशी विद्यार्थी म्हणून परवाना घ्यावा लागतो.

नागरिकत्वाशी संबंध

कॅनडात जन्मलेली मुले, परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या अपत्यांसारखे अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक असतात आणि त्यांना निवासाची अट लागू होत नाही. कायम रहिवासी असलेल्या अल्पवयीन मुलाचे आई किंवा वडील नागरिक असतील, तर त्याच्या नागरिकत्वाच्या अर्जासाठी प्रौढांप्रमाणे १,०९५ दिवसांच्या प्रत्यक्ष वास्तव्याची अट नसते. नागरिकत्व मिळाल्यावर दिवस मोजण्याचा प्रश्न उरत नाही. परंतु भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. कायम रहिवासी मूल भारतीय नागरिकच राहते. कॅनडाचे नागरिकत्व घेतल्यास त्याला भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. त्यानंतर पात्रतेनुसार ओसीआय कार्ड घेता येते. त्यावर भारतात दीर्घकाळ राहता येते, पण मतदानाचा हक्क मिळत नाही.

हेही पहा

• भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५
• ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया
• बालहक्क संहिता