सहा महिने परदेशात जाताय? मोबाईल सेवा अशी निवडा, आणि भारतातला नंबर जिवंत ठेवा

मी नागापूरचा, नगर एमआयडीसीतला. कंपनीने सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं, तेव्हा बॅगेत लोणचं, चटण्या, थर्मल कपडे सगळं आठवणीने भरलं. फोनचा विचार मात्र विमानतळावर केला. "तिकडे गेल्यावर सिम घेऊ, त्यात काय एवढं!" असं म्हणालो.

दुसऱ्या महिन्यात एका रात्री भावाचा व्हॉट्सॲप कॉल आला. वडिलांना नगरच्या दवाखान्यात ॲडमिट केलं होतं आणि पैसे लगेच भरायचे होते. माझ्या खात्यात पैसे होते, पण बँकेचा ओटीपी येईना. भारतीय सिमवर रिचार्ज होता, पण इंटरनॅशनल रोमिंग चालू केलेलंच नव्हतं. ते चालू करायला कंपनीच्या ॲपमध्ये लॉगिन करायला गेलो, तर लॉगिनचा ओटीपी त्याच बंद सिमवर! शेवटी शेजाऱ्यांनी पैसे भरले. वडील बरे झाले, पण ती रात्र मी विसरलो नाही. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

पर्याय कोणते?

१. भारतीय सिमवर रोमिंग पॅक: आठ-दहा दिवसांच्या ट्रिपला हे सोपं पडतं. नंबर तोच, झंझट नाही. पण सहा महिने असे पॅक मारत बसलात तर खिसा रिकामा होईल.

२. ट्रॅव्हल ई-सिम: भारतातूनच ऑनलाइन घ्यायचं, क्यूआर कोड स्कॅन करायचा, उतरल्या उतरल्या नेट चालू. पण बहुतेक ट्रॅव्हल ई-सिमवर फक्त डेटा मिळतो, तिथला फोन नंबर मिळत नाही. घरमालक, बँक, डॉक्टर सगळे स्थानिक नंबर मागतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यापुरतं हे उत्तम.

३. तिथलं स्थानिक प्रीपेड सिम: महिन्याभरापेक्षा जास्त राहणार असाल तर हेच घ्या. जर्मनीत सुपरमार्केटमध्येही सिम मिळतं. आल्डी टॉक किंवा लिडल कनेक्टचे पॅक महिन्याच्या हिशोबाने असतात, नको झालं की बंद. मात्र जुलै २०१७ पासून तिथे प्रीपेड सिमलाही ओळख पडताळणी लागते. पासपोर्ट आणि राहण्याचा पत्ता तयार ठेवा.

४. स्थानिक पोस्टपेड: दुकानातला माणूस "फोन फ्री" म्हणून गळ घालेल. जर्मनीत असे करार बऱ्याचदा २४ महिन्यांचे असतात. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

मग जमवायचं कसं?

माझा फॉर्म्युला असा: एका स्लॉटमध्ये भारतीय सिम, दुसरीकडे स्थानिक सिम किंवा ई-सिम. कॉल आणि डेटा स्थानिकवर, ओटीपी भारतीयवर. सेटिंगमध्ये भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा, नाहीतर मागे चालणारे ॲप बॅलन्स खाऊन टाकतील. रोमिंगवर येणारे एसएमएस बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असतात, पण कॉल उचलला तर पैसे कापले जातात. आपल्या कंपनीचे दर निघण्याआधीच बघून ठेवा.

फोन ई-सिम घेतो का हे बघायला *#०६# डायल करा. आयएमईआयसोबत ईआयडी दिसला तर बहुतेक चालतं. आणि ई-सिमचा क्यूआर कोड साधारणपणे एकदाच वापरता येतो, तेव्हा गंमत म्हणून डिलीट करू नका.

भारतातला नंबर का सोडायचा नाही?

बँक, आधार, पीएफ, डिजिलॉकर सगळं त्या एका नंबरवर असतं. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे तुमचे ओटीपी उद्या परक्या माणसाकडे!

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलले. त्यानंतर कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅन आणावे लागले आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी मिळाली. परदेशी जाणाऱ्यासाठी हे बेस्ट. डेटा लागतच नाही, मग त्याचे पैसे का भरायचे?

सिम घरी कपाटात ठेवून जाऊ नका. यूपीआय तुमच्या सिमला आणि फोनला बांधलेलं असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्रामसारख्या ॲपनाही चालू सिमशी जोडून राहण्याचे निर्देश दिले. म्हणून मूळ सिम फोनमध्येच हवं. परदेशात असताना फोन बदलणं, रीसेट करणं टाळा. नवीन फोनवर यूपीआय सुरू करायचं म्हणजे त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो.

देशाप्रमाणे लक्षात ठेवा

- युरोप: जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न देता वापरता येतं. पण स्वित्झर्लंड संघात नाही! वीकेंडला आल्प्स बघायला जाताना पॅकमध्ये तो देश आहे का ते आधी बघा.
- अमेरिका, जर्मनी: ३जी बंद झालंय. फोनमध्ये व्होल्टीई तिथल्या नेटवर्कवर चालतं का ते तपासा.
- यूएई: व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉलवर बंधनं आहेत. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.
- तुर्की: भारतातून नेलेल्या फोनमध्ये स्थानिक सिम टाकलं तर १२० दिवसांनंतर फोनची नोंदणी लागते, नाहीतर नेटवर्क जातं.

निघण्याआधीची यादी

१. इंटरनॅशनल रोमिंग भारतात असतानाच चालू करा. कंपनीकडून तसा मेसेज आला का ते बघा.
२. मुक्कामाच्या मुदतीपेक्षा महिनाभर जास्तीचा रिचार्ज मारा.
३. बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर सेव्ह करा. १८०० वाले टोल फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत.
४. जीमेलसारख्या खात्यांना ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा.
५. घरातल्या एकाच्या खात्यात अडीअडचणीचे पैसे ठेवून जा. ओटीपी आला नाही तरी दवाखाना थांबत नाही.

आता एमआयडीसीतून कोणी परदेशी निघालं की मी आधी विचारतो, "रोमिंग चालू केलं का?" तुम्हीही तुमच्या मित्राला विचारा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते इथेच करून जायचं असतं.