फुटबॉलचे नियम आणि शनिवारची दुपार

ज्याचे आयुष्य गिरणीच्या दरवाजावर सभा घेण्यात गेले, त्याने वसंत व्याख्यानमालेत फुटबॉलवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. पण नियम कोणी केले, कोणासाठी केले आणि मोडले तर दाद कोणाकडे मागायची, हे तीन प्रश्न विचारण्याची आम्हाला जुनी सवय आहे. तेच या खेळाला विचारून पाहू.

प्रथम खेळ समजून घेऊ. प्रत्येक बाजूस अकरा गडी आणि ४५ मिनिटांचे दोन भाग. चेंडू पायाने, छातीने, डोक्याने खेळवावा. हात लावण्याची मुभा एकट्या गोलरक्षकाला, तीही गोलासमोर आखलेल्या चौकटीतच. संपूर्ण चेंडू खांबांच्या मधून रेषेपार गेला तरच गोल. बाजूच्या रेषेबाहेर चेंडू घालविणाऱ्याच्या प्रतिपक्षाने तो दोन्ही हातांनी, डोक्यावरून आत फेकावा. बचाव करणाऱ्याने तो आपल्याच गोलरेषेबाहेर घालविला, तर कोपऱ्यावरून लाथ मिळते. तिला कॉर्नर म्हणतात.

नवखा प्रेक्षक अडतो तो ऑफसाइडपाशी. सहकारी चेंडू पुढे देतो त्या क्षणी आपण प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागात, चेंडूच्याही पुढे असलो, आणि आपल्यापुढे गोलरेषेकडे प्रतिपक्षाचा एकच गडी उरला असला, तर आपण ऑफसाइड. नुसते तेथे उभे राहणे गुन्हा नाही. तेथून खेळात भाग घेतला की शिट्टी वाजते. गोलापाशी दबा धरून बसून आयता गोल मारू नये, हा त्यातील मथितार्थ.

आता हे नियम आले कोठून? २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न येथे काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. त्यांत पुढाकार घेणारा एबेनेझर मोर्ले हा सॉलिसिटर होता. तोवर बड्यांच्या प्रत्येक शाळेचा नियम निराळा. मोठा तंटा झाला तो प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारू द्यावी की नाही यावर. ही मुभा ठेवली तर जाणत्या वयाचा माणूस खेळायला येणारच नाही, असे मोर्लेचे म्हणणे. ते मान्य झाले आणि ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. डिसेंबरात तेरा नियम ठरले. त्यांत आडवी दांडी नव्हती, पंच नव्हता, पेनल्टीही नव्हती. सभ्य गृहस्थ आपसांत मिटवतील, अशी समजूत होती.

पण सभ्य गृहस्थांचा हा खेळ लवकरच गिरण्यांच्या गावी गेला. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने इंग्लंडमधील कापडगिरण्यांत बायका व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविले. त्यांच्यावाचून गिरणी चालेना, म्हणून पुरुषही सुटले. कायद्याने मिळालेल्या त्या दुपारीच लँकेशायरचा फुटबॉल वाढला. ३१ मार्च १८८३ रोजी ब्लॅकबर्न ऑलिम्पिक संघाने ओल्ड इटोनियन्स या बड्यांच्या संघाला २-१ असे हरवून कप जिंकला. विजेत्यांत विणकर होते, लोखंडाच्या कारखान्यातील मजूर होता. खेळण्यासाठी रोज बुडविणाऱ्याला पैसे द्यावेत की नाही, हा वाद मग पेटला आणि १८८५ साली धंदेवाईक खेळाडूला मान्यता मिळाली.

पैसा आला तशी चढाओढ वाढली आणि आपसांत मिटवणे अपुरे ठरले. १८९१ साली आयर्लंडचा गोलरक्षक विल्यम मॅक्क्रम याच्या सूचनेवरून पेनल्टी आली. त्याच साली पंच रेषेबाहेरून मैदानात आला. आपण मुद्दाम लबाडी करू असे नियमाने गृहीत धरावे, हा कित्येक सभ्य खेळाडूंना अपमान वाटला. आम्हाला मात्र यात शहाणपण दिसते. ज्याच्या हातात बळ आहे त्याच्या सौजन्यावर दुबळ्याचे पोट चालत नाही. त्याला लिखित नियम आणि तटस्थ पंच लागतो.

तरी एक नियम एकतर्फीच राहिला. १९०१ साली खेळाडूचे वेतन आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड असे बांधले गेले. १९०७ साली मँचेस्टर येथे खेळाडूंनी युनियन उभारली. तीत पूर्वी कोळशाच्या खाणीत राबलेला बिली मेरेडिथ पुढे होता. १९०९ साली युनियन सोडा असा हुकूम निघाला, तेव्हा मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू तो मानीनात. त्यांनी स्वतःला वाळीत टाकलेल्यांचा संघ म्हणवून घेतले आणि सराव चालू ठेवला. युनियन टिकली. पण वेतनाची ती मर्यादा उठायला १९६१ साल उजाडावे लागले, आणि तेही संपाची नोटीस दिल्यावर!

आपल्या मुंबईतही नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली आणि १८९० साली ती मिळाली. सुटी नसेल तर मैदान कितीही मोठे असले तरी कामगाराच्या पोराला ते बंदच. म्हणून आम्ही म्हणतो, फुटबॉलचा सर्वांत पहिला नियम त्या तेरा नियमांत लिहिलेला नाही. भोंगा वेळेवर झाला पाहिजे, हा तो नियम. तो झाला, की मग पंचाने खुशाल शिट्टी वाजवावी.