न बसायची खुर्ची

खुर्ची म्हटली की मोह आलाच. ग्रामपंचायतीची असो नाहीतर सलूनमधली, रिकामी दिसली की माणसाचे गुडघे आपोआप वाकू लागतात. म्हणूनच आफ्रिकेतल्या घाना देशातल्या असान्ते लोकांना मी मनोमन हात जोडतो. त्यांच्याकडे तीनशेहून अधिक वर्षे एक सोन्याचे आसन आहे, आणि त्यावर बसायचे नाही असा दंडक आहे. राजानेसुद्धा! उलट आसनालाच टेकायला वेगळी खुर्ची देतात.

कथा अशी, की राजा ओसेई तुतूच्या काळी ओकोम्फो अनोकये नावाच्या पुरोहिताने ते आकाशातून उतरवले. वार शुक्रवार. म्हणून नाव ‘सिका द्वा कोफी’, म्हणजे शुक्रवारी जन्मलेले सुवर्णासन. आपल्याकडे सोम्या-मंगळ्या असतात, तसा हा शुक्र्या म्हणा ना! गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा या साऱ्या लोकांचा जीव त्या आसनात.

बाकी सोन्याला तोटा नव्हता. समारंभात राजाच्या हातांवर इतके दागिने, की ते हात उचलून धरायला माणसे लागतात. राजाच्या वतीने बोलणाऱ्यांच्या काठ्यांवर तर चक्क म्हणी कोरलेल्या, वर सोन्याचा पत्रा. एकीवर मुठीत अंडे : सत्ता आवळली तर फुटते, सैल सोडली तर पडते. दुसरीवर ताटाशी दोन माणसे : जेवण ज्याचे त्याचे, भुकेल्याचे नव्हे.

ही दुसरी म्हण साहेबाला कोण सांगणार? १८७४ साली इंग्रजांनी राजधानी कुमासी लुटली, जाळली आणि वर ५०,००० औंस सोन्याचा दंड ठोठावला. म्हणजे लुटायला आल्याचे भाडेही यजमानानेच द्यायचे! १८९६ साली राजा प्रेम्पेला धरून नेले. १९०० साली गव्हर्नर हॉजसनसाहेब कुमासीत येऊन विचारते झाले, ते आसन मला बसायला का दिले नाही?

झाले! पुरुषमंडळी विचारात पडली होती म्हणतात. एजिसूची राजमाता या असान्तेवा मात्र लढायला उठली. साहेब किल्ल्यात कोंडले गेले. पुढे इंग्रज जिंकले, राजमाता सेशेल्स बेटांवर हद्दपार झाली आणि १९२१ साली तिथेच वारली. पण लपवलेले आसन काही साहेबाला मिळाले नाही. पुढे रस्त्याच्या मजुरांना ते सापडले, काहींनी त्यावरचे सोने ओरबाडले, तेव्हा सरकारने शहाणपणाने त्याचा नाद सोडला.

२०२४ साली लॉस एंजलिसच्या फाउलर संग्रहालयाने सात वस्तू कुमासीला कायमच्या परत केल्या. लंडनच्या दोन संग्रहालयांनी बत्तीस पाठवल्या, पण तीन वर्षांसाठी उसन्या! आपलीच वाटी शेजारणीने आपल्याला उसनी द्यावी, आणि वर ‘लवकर परत करा हं’ म्हणावे, तशातली गत. त्याच वर्षी, त्या दोहोंपैकी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्याला वाघनखे आली. त्यांची कहाणी निराळी, पण बोली तीच : तीन वर्षे.

सुवर्णासन मात्र कुणाच्या यादीत नाही, कुणाच्या मुदतीत नाही. ते आपले कुमासीतच आहे, आणि अजून रिकामे आहे.