डायक्लोफेनॅक आणि गिधाडं: औषध तपासलं कुणावर?
नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आजही घरटी करतात. देशभरात मात्र ती जवळपास संपलीच. कारण डायक्लोफेनॅक, म्हणजे साधं वेदनाशामक. गाई-म्हशींना ते चालायचं. पण त्यांचं मढं खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. गिधाडांवर ते आधी कुणी तपासलंच नव्हतं! २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

मेलॉक्सिकॅम हा पर्याय सुरक्षित आहे का, हे बघायला मात्र तो गिधाडांनाच द्यावा लागला. आपली गिधाडं मोजकीच उरलेली, म्हणून आधी आफ्रिकेतल्या जवळच्या जातीला दिला. धोका त्यांच्या माथी, फायदा आपल्याकडच्यांना. हे पटतं का? मेलॉक्सिकॅमने त्यातलं एकही दगावलं नाही, हे नशीब. जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनणाऱ्या ॲसेक्लोफेनॅकवर बंदी यायला मात्र २०२३ उजाडलं.