तळटीप : समुद्रावरची हवा आणि वैश्विक किरण

* समुद्रसपाटीवरची मोजणी : मूळ मजकुरात हवामानाचा विचार आलेला नाही, म्हणून हा खुलासा. दिवेआगरच्या पुळणीवर किंवा समोरच्या बोटीवर मोजणीयंत्र ठेवले, तर त्यात नोंदले जाणारे बहुतेक कण म्युऑन असतात. वैश्विक किरण हवेवर आदळून ते साधारण १५ किलोमीटर उंचीवर जन्मतात आणि खालची सगळी हवा भेदून येतात. त्यामुळे हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की त्यांची संख्या ०.१ ते ०.२ टक्क्यांनी घटते; न्यूट्रॉनची तर सुमारे ०.७ टक्क्यांनी. कोकणात जुलैतला दाब जानेवारीपेक्षा बराच कमी असतो. शिवाय तो रोज दहाच्या सुमारास, सकाळी आणि रात्रीही, चढतो व चारच्या सुमारास उतरतो. ही दुरुस्ती न करता दिलेला आकडा माझ्या मते निरुपयोगी आहे.

तापमानाचा परिणाम अधिक फसवा. कॉम्प्टन आणि टर्नर यांनी १९३६-३७ मध्ये व्हँकुव्हर–सिडनी मार्गावरील ‘आओरांगी’ बोटीवर मोजण्या केल्या. उबदार हवेत कण कमी भरले. ब्लॅकेट यांनी १९३८ मध्ये कारण दिले : हवा तापून फुगते, म्युऑन अधिक उंचावर जन्मतात आणि वाटेतच अधिक संख्येने विघटन पावतात.

विषुववृत्ताजवळची घट मात्र मुख्यतः पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे होते. ती हवामानात मिसळू नये. चुंबकीय वादळांतही मोजणी घटते; त्यांच्या तारखांसाठी वाचकांनी जवळच्याच अलिबाग वेधशाळेच्या १९०४पासूनच्या नोंदी पाहाव्यात. — संपा.